थीम पार्कला निघालात? तिकीट काढण्याआधी घरच्या भिंतीवर मुलांची उंची मोजा

राइडच्या दाराशी एक रंगवलेली पट्टी असते. रांगेत पाऊण तास उभे राहिलेले कुटुंब तिथवर पोहोचते. कर्मचारी मुलाला पट्टीला टेकवून उभे करतो, डोक्यावर हात आडवा धरतो आणि नाही म्हणून मान हलवतो. ताई आत, धाकटा बाहेर. धाकटा रडायला लागतो, आई त्याला घेऊन बाजूला होते आणि बाबा कर्मचाऱ्याशी वाद घालू लागतात, ‘अहो, तिकीट तर पूर्ण घेतलंय ना?’

सुट्टीच्या दिवसांत कोणत्याही मोठ्या पार्कमध्ये हे दृश्य दिसते. चूक कर्मचाऱ्याची नसते, मुलाची तर नसतेच. ती घरी, मोबाईलवर तिकीट काढताना झालेली असते. जाहिरातीतला रोलर कोस्टर पाहून पार्क ठरवले जाते. चार-पाच वर्षांचे मूल सोबत असेल तर त्या रोलर कोस्टरला त्याच्या दिवसात जागाच नसते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पालकांसमोर सहसा दोन पर्याय येतात. पहिला जिल्ह्यातच आहे, शिर्डीत. तिथे ‘वेट एन जॉय’ हे वॉटर पार्क आणि ‘साई तीर्थ’ हे भक्तीवर आधारलेले थीम पार्क आहे. दुसरा आहे मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेजवळचे, खोपोलीचे ‘इमॅजिका’. ते २०१३ मध्ये सुरू झाले. पुढच्या वर्षी त्याला वॉटर पार्कची जोड मिळाली, नंतर स्नो पार्क आले.

या दोन्ही पर्यायांचे मूळ नगरकरांच्या ओळखीचे आहे. शिर्डीतली दोन्ही पार्क संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाने उभी केली आणि २०२२ मध्ये याच समूहाने इमॅजिकातला मोठा हिस्साही विकत घेतला. गाय छाप जर्द्यामुळे घराघरात पोहोचलेले हे नाव आता राज्यातल्या सर्वांत मोठ्या थीम पार्कमागे आहे.

कोणते पार्क चांगले, हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. तुमच्या घरातले सर्वांत लहान मूल किती सेंटिमीटरचे आहे, यावरून बाकीचे बहुतेक ठरते.

वय नको, सेंटिमीटर सांगा

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार मुलांची सरासरी उंची तीन वर्षांना साधारण ९५ सेंटिमीटर, चार वर्षांना १०३ आणि पाच वर्षांना ११० च्या आसपास असते. सहाव्या वर्षी ती ११५-११६ पर्यंत जाते आणि १२० चा टप्पा सातव्या वर्षाच्या सुमारास ओलांडला जातो. १४० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे चार फूट सात इंच, गाठायला दहा वर्षे उलटून जातात. ही सरासरी आहे. तुमचे मूल चार-पाच सेंटिमीटर खाली किंवा वर असू शकते आणि त्यात काळजीचे काही नाही.

आता हे आकडे राइडच्या नियमांशेजारी ठेवून पाहा. प्रत्येक पार्कचे, प्रत्येक राइडचे नियम वेगळे असतात. तरी ढोबळमानाने तीन टप्पे दिसतात. घोड्यांचा गोल पाळणा, छोटी आगगाडी, हळू फिरणाऱ्या गाड्या यांना ९० सेंटिमीटरच्या आसपासची मुले मोठ्यांसोबत चालतात. मधल्या वेगाच्या राइड आणि बऱ्याचशा घसरगुंड्या ११०-१२० च्या पुढे सुरू होतात. उलटेपालटे करणारे, उंचावरून सोडणारे मोठे झोके आणि कोस्टर १३०-१४० च्या पुढच्यांसाठी असतात.

म्हणजे पाच वर्षांच्या सरासरी मुलाला पहिला टप्पा पूर्ण मोकळा, दुसरा अर्धवट आणि तिसरा बंद. इयत्ता चौथीतल्या मुलालाही तिसरा टप्पा बहुधा बंदच.

तिकीटही बऱ्याच ठिकाणी वयावर नाही, उंचीवर ठरते. ठरावीक उंचीपर्यंत प्रवेश मोफत, त्यापुढे लहान मुलाचे तिकीट, त्यापुढे पूर्ण. आधार कार्डावरची जन्मतारीख तिथे उपयोगी पडेलच असे नाही. उंच अंगलटीच्या सात वर्षांच्या मुलीचे तिकीट महाग पडते आणि कोस्टरमध्ये तिला तरीही बसता येत नाही, असा दुहेरी तोटाही होतो. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी मुलाला अनवाणी भिंतीशी उभे करा, डोक्यावर पुस्तक आडवे धरून पेन्सिलने खूण करा आणि टेपने मोजा. मग पार्कच्या संकेतस्थळावर राइडनिहाय उंचीची यादी उघडा. मुलाला चालणाऱ्या राइड मोजा. आठ-दहा भरल्या तर दिवस सत्कारणी लागेल. तीन-चारच निघाल्या तर दोन वर्षे थांबलेले बरे.

उंचीचाच नियम का?

अनेक पालकांना ही पट्टी म्हणजे निव्वळ अडवणूक वाटते. जाड सोलचे बूट घालून, केस वर बांधून मुलाला आत घुसवायचे प्रयत्न होतात. म्हणून त्यामागचे यंत्र समजून घेणे गरजेचे आहे.

कोस्टर चढ ओलांडून खाली झेपावतो तेव्हा गाडी खाली जाते, पण शरीर आधीच्या वेगाने पुढे आणि वर जात राहू पाहते. पोटात गोळा येतो तो याच क्षणी. त्या वेळी माणसाला जागेवर ठेवणारी वस्तू एकच असते, मांडीवरचा किंवा खांद्यावरून येणारा दांडा. हा दांडा मांडी आणि कमरेच्या हाडाला धरून ठेवण्यासाठी बनवलेला असतो. लहान मुलाची मांडी आखूड, कंबर अरुंद. दांडा शेवटच्या खाचेपर्यंत खाली आला तरी मध्ये फट राहते आणि मूल त्या फटीतून सरकू शकते. शेजारी बसलेल्या बाबांच्या जाड मांडीवर एकच सामाईक दांडा अडला, तर मुलाच्या बाजूची फट आणखी वाढते. ‘मी धरतो ना त्याला’ हे वाक्य इथे उपयोगाचे नाही. झटक्याच्या क्षणी हातातले वजन अचानक दुप्पट-तिप्पट झाल्यासारखे वाटते आणि पकड सुटते.

दुसरे कारण मानेचे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण उंचीच्या जवळपास चौथा भाग असते, प्रौढाचे सुमारे आठवा. शाळकरी वयातही डोके शरीराच्या मानाने जड आणि मानेचे स्नायू कोवळे असतात. झटक्याने वळणारी राइड मोठ्यांना गंमत वाटते. लहान मुलाच्या मानेवर मात्र तिचा ताण अधिक येतो.

प्रत्येक मुलाच्या कमरेचे माप दाराशी घेणे शक्य नसते. उंची दोन सेकंदांत मोजता येते आणि तिच्यावरून बाकी मापांचा अंदाज येतो. पट्टीचे काम एवढेच. बुटाच्या सोलने उंची वाढते, कंबर रुंद होत नाही.

शिर्डी की खोपोली?

सहा वर्षांखालचे मूल असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बहुतेक घरांसाठी उत्तर शिर्डी आहे. पहिले कारण अंतराचे. अहिल्यानगर शहरातून राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता असे शिर्डी ८०-८५ किलोमीटर. नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांची आणि रखडलेल्या कामांची कहाणी जिल्ह्याला तोंडपाठ आहे, त्यामुळे नकाशावर दिसणाऱ्या वेळेत अर्धा-पाऊण तास वाढवूनच धरा. तरीही सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येते.

एसटीने गेल्यास खर्चही आटोक्यात राहतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आणि पाचपेक्षा लहान मुलाला तिकीटच नाही. म्हणजे आई, बाबा, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा अशा चौघांचा प्रवास दोन पूर्ण तिकिटांच्या पैशांत होतो.

साई तीर्थचा लहान मुलांसाठी मोठा फायदा म्हणजे बरेच काही बसून आणि छताखाली पाहायचे आहे. देशभरातल्या देवळांच्या प्रतिकृतींमधून नेणारी सफर, साईबाबांवरचा चित्रपट, ‘लंका दहन’ हा ५डी खेळ. आजी-आजोबा सोबत असतील तर हीच जागा सोयीची, कारण त्यांनाही दिवसभर बाकावर बसून पिशव्या सांभाळाव्या लागत नाहीत. एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. ५डी म्हणजे अंधार, मोठा आवाज, हलणाऱ्या खुर्च्या आणि अंगावर येणारे दृश्य. तीन-चार वर्षांची काही मुले तिथे घाबरून किंचाळतात. आधी सफर दाखवा, मूल रमले तर मग हा खेळ. दाराजवळच्या खुर्च्या मिळाल्या तर उत्तम.

शिर्डीचा वार मात्र पाहून ठरवा. गुरुवारी पालखीमुळे गावात गर्दी असते. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा आणि वर्षअखेरीला तर पाय ठेवायला जागा नसते. दर्शन आणि पार्क एकाच दिवशी उरकण्याचा मोह बहुतेकांना होतो. दर्शनाच्या रांगेत दोन-तीन तास उभे राहिलेले चार वर्षांचे मूल दुपारी पाण्यात उतरण्याआधीच थकलेले असते. दोन्ही करायचेच असेल तर मुक्काम करा, किंवा आधी पार्क आणि रात्री उशिरा दर्शन ठेवा.

खोपोलीचे गणित वेगळे. अहिल्यानगरहून शिरूर, पुणे करत इमॅजिका जवळपास २०० किलोमीटर पडते. शेवगाव किंवा जामखेडकडून निघालात तर त्यात आणखी ६५-७५ किलोमीटरची भर. रांजणगाव, वाघोली, पुणे शहर आणि लोणावळ्याचा घाट धरला तर एका बाजूला पाच तास सहज जातात. पहाटे चारला उठवून आणलेले मूल दुपारी बारालाच पेंगते. इथे मुक्काम न करता जाणे म्हणजे तिकिटाचे निम्मे पैसे गाडीतल्या झोपेवर घालवणे. आदल्या दिवशी लोणावळा-खोपोली भागात पोहोचा आणि सकाळी दार उघडताना हजर राहा.

(जाता जाता: नकाशात ‘कर्जत’ टाकून मार्ग शोधू नका. इमॅजिका रायगडच्या कर्जतजवळ आहे आणि नगरकरांचा फोन हमखास आपल्या कर्जतकडे वळवतो. ‘खोपोली’ किंवा थेट पार्कचे नाव टाका.)

इतके करून तिथे लहानांना काय मिळते? ‘मॅजिक कॅरोसेल’सारखा घोड्यांचा पाळणा, ‘टबी टेक्स ऑफ’, ‘हॅपी व्हील्स’, आणि खुर्चीवर बसून देशभर उडाल्याचा भास देणारी ‘आय फॉर इंडिया’. शेवटची राइड पाहून आजोबाही खूश होतात. पण ‘नायट्रो’ आणि ‘स्क्रीम मशीन’ हे ज्यांच्या जिवावर पार्कची ख्याती आहे ते मोठ्यांचे खेळ. थोरले मूल दहा-अकराचे आणि धाकटे आठच्या पुढे असेल तेव्हा इमॅजिकाचे पूर्ण पैसे वसूल होतात. थोरला बारा आणि धाकटी चार असे घर असेल तर मोठ्या राइडला आई-बाबांनी आळीपाळीने जायचे. डिस्नेच्या पार्कमध्ये यासाठी सोय आहे, एक पालक राइड करतो, दुसरा मुलाजवळ थांबतो आणि मग त्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. इथेही कर्मचाऱ्याला विचारून पाहायला हरकत नाही. नाही म्हटले तर दोन रांगांचा वेळ हिशेबात धरा.

खर्च कुठे वाढतो

थीम पार्क आणि वॉटर पार्कच्या प्रवेशावर २०१७ मध्ये २८ टक्के जीएसटी होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. तिकिटाच्या पानावर ठळक अक्षरातला दर करासह आहे की कराविना, हे आधी पाहा. समजा दर हजार रुपये दिसतो आणि कर वेगळा आहे, तर तीन तिकिटांचे ३००० नव्हे, ३५४० होतात. इमॅजिकात थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्कची तिकिटे वेगवेगळी आहेत. लहान मुलांना घेऊन एका दिवसात दोन पार्क करण्याच्या ‘कॉम्बो’च्या नादी लागू नका. एक पार्कही पूर्ण होत नाही.

तिकिटाखेरीज पार्किंग, लॉकर, फोटो आणि जेवण. वॉटर पार्कमध्ये सुती कपड्यांवर पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो. तो दाराशी भाड्याने घेण्यापेक्षा गावातल्या बाजारातून आणलेला एकदाच परवडतो. डायपर वापरणाऱ्या बाळासाठी पोहण्याचा वेगळा डायपर न्या, साधा डायपर पाणी पिऊन गोळा होतो. बाहेरचे खाणे बहुतेक ठिकाणी चालत नाही. बाळाच्या खाण्याला सहसा सवलत मिळते, तरी आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि उत्तर देणाऱ्याचे नाव लिहून ठेवा.

ऑनलाइन सवलतीचे तिकीट ठरावीक तारखेचे असते, पैसे परत मिळतीलच असे नाही. लहान मुलांना नेमका आदल्या रात्री ताप येतो, हे कोणत्याही आईला विचारा. तारीख बदलता येते का, ही ओळ पैसे भरण्याआधी वाचा.

कोणता दिवस निवडाल?

मूल अजून शाळेत जात नसेल तर तुमच्याकडे एक मोठी सवलत आहे. एप्रिल अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंतची सुट्टी शाळकरी घरांसाठी सोडून द्या. त्या काळात नगर जिल्ह्यात पारा चाळिशीला टेकतो आणि रांगेत सावली नसेल तर लहान मूल तासाभरात मलूल होते. तुम्ही जूनच्या उत्तरार्धातला किंवा फेब्रुवारीतला एखादा मंगळवार घ्या. नोव्हेंबर ते जानेवारीत हवा छान असते, पण मधल्या वारी शाळांच्या सहली येतात. एकाच वेळी दहा-बारा बस उतरल्या की मंगळवारचा रविवार होतो. पार्कला फोन करून त्या दिवशी सहली आहेत का, हे विचारता येते.

पावसाळ्यात खोपोलीला जाताना कोकणचा पाऊस लक्षात घ्या. घाटमाथ्याच्या पूर्वेला पर्जन्यछायेत राहणाऱ्यांना त्याचा अंदाज येत नाही. जुलैत तिथे दिवसभर कोसळतो आणि विजा असल्या की उघड्यावरच्या राइड थांबवाव्याच लागतात.

पार्कमध्ये शिरताच सगळे पहिल्या राइडला गर्दी करतात. तुम्ही सरळ शेवटच्या टोकाला जा आणि तिथून मागे या. पहिल्या दोन तासांत रांगा सर्वांत छोट्या असतात, मुलाची आवडती राइड तेव्हाच उरकून घ्या. एक ते तीन ही मुलाच्या झोपेची वेळ. तेव्हा राइड नको, छताखालचा खेळ किंवा सावलीतला बाक.

डोळे उघडे ठेवायच्या जागा

पाण्यातला धोका आवाज करत नाही. बुडणारे लहान मूल सहसा ओरडत नाही, हातवारे करत नाही, तोंड पाण्याखाली गेले की गप्प होते. जीवरक्षक हजर असला तरी पाच वर्षांखालचे मूल हाताच्या अंतरावर हवे. दंडावर चढवायचे हवेचे फुगे खेळणी आहेत, ते लाइफ जॅकेटची जागा घेत नाहीत. लाटांच्या तलावात मुलाला कडेने धरून उभे राहा, मध्यभागी नको. आणि पाण्यात असताना दोघा मोठ्यांपैकी एकाच्या हातात मोबाईल नको. ‘तू बघतोयस ना’ म्हणून दोघेही रील काढत बसले, असे पाहायला मिळते.

राइडबाबतही पालकाला काही गोष्टी दिसतात. कर्मचारी प्रत्येक दांडा हाताने ओढून पाहतो का, की लांबूनच हात दाखवून राइड सुरू करतो? बाहेर पडायचे दार मोकळे आहे का? १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावावर झोक्यासारखी राइड तुटून दोघांचा जीव गेला. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेमिंग झोनला आग लागून लहान मुलांसह २७ जण मृत्युमुखी पडले. त्या जागेला अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला नव्हता आणि त्या दिवशी ९९ रुपयांच्या तिकिटामुळे गर्दी झाली होती. पत्र्याच्या बंदिस्त शेडमध्ये, एकाच अरुंद दाराने आत-बाहेर करावे लागत असेल तर तिकीट कितीही स्वस्त असो, परत फिरा.

हीच नजर मोहटादेवीच्या किंवा मढीच्या यात्रेतल्या पाळण्यांसमोरही ठेवायला हवी. जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांचा पहिला आकाशपाळणा जत्रेतलाच असतो आणि तिथे उंचीची पट्टी सहसा नसते. पट्टी नसली तरी फट तीच असते. दांडा लावल्यावर मुलाच्या पोटाशी तुमची मूठ सहज शिरत असेल तर त्याला उतरवा.

हरवण्याची भीती प्रत्येक पालकाला असते. सकाळी गाडीतून उतरताच मुलाचा पूर्ण उंचीचा एक फोटो काढा, कपडे आणि चप्पल दिसतील असा. मनगटाच्या आतल्या बाजूला पेनने तुमचा मोबाईल नंबर लिहा. पाण्यात पुसला जातो म्हणून दुपारी पुन्हा लिहा. ‘हरवलास तर हलू नकोस, असा गणवेश घातलेल्या काकांना किंवा मावशींना सांग,’ हे दाराशीच कर्मचारी दाखवून समजावा. चार वर्षांच्या मुलाला हे समजते. मूल दिसेनासे झाले तर स्वतः शोधत फिरण्याआधी जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा, म्हणजे बाहेरच्या दारावर लगेच नजर ठेवता येईल. पोलिसांसाठी ११२ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक फोनमध्ये असू द्या.

परतीची वेळ सकाळीच ठरवून टाका. पार्क बंद होईपर्यंत थांबले की सगळ्या गाड्या एकदम बाहेर पडतात. साडेचार-पाचला निघालात तर शिर्डीहून उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि मालट्रकांच्या गर्दीआधी राहुरी ओलांडता येते. स्वतःच्या गाडीत मुलाला पुढे मांडीवर झोपवू नका. चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याविना किंवा त्याच्या खास आसनाविना बसवले तर मोटार वाहन कायद्यानुसार हजार रुपये दंड आहे. मागच्या आसनावर पट्टा लावून झोपलेले मूल बाभळेश्वरला चहासाठी थांबलात तरी उठत नाही.